शिवभोजन थाळी: दहा रुपयांत काय मिळते आणि ते कशावर अवलंबून असते

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीचे वर्णन अगदी नेमके केलेले आहे: प्रत्येकी 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजीची एक वाटी, 150 ग्रॅम भाताची एक मूद आणि 100 ग्रॅम वरणाची एक वाटी. आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्थानकाच्या मागे असलेल्या केंद्रात मी अधूनमधून जेवतो, आणि हे वर्णन तेथे बऱ्याच अंशी पाळले जाते असे म्हणण्यास हरकत नाही. चपात्या जाड असतात, कडेला थोड्या कच्च्या राहतात, परंतु पहिल्या अर्ध्या तासात गरम मिळतात. भाजी बहुतेक दिवस बटाट्याची किंवा कोबीची असते. मटकीची उसळ असेल त्या दिवशी रांग लांबते. भात मोकळा नसतो, पण भरपूर असतो. वरणाबाबत मात्र माझे निरीक्षण असे की तुरीच्या डाळीचा भाव चढला की ते पातळ होते, आणि भाव उतरला तरी लगेच दाट होत नाही. लोणचे, कांदा, लिंबू यांची अपेक्षा धरू नये.

दहा रुपयांत याहून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल. स्थानकावर चहा आणि वडापाव घेतला तरी याहून जास्त पैसे जातात. जेवणाऱ्यांमध्ये बाजाराला आलेले शेतकरी, हमाल, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आणि ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांचे नातेवाईक असतात. दारातील टेबलावर नाव सांगायचे, मोबाइलवरील ॲपमध्ये छायाचित्र काढू द्यायचे आणि दहा रुपये देऊन ताट घ्यायचे, एवढीच पद्धत आहे. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला किंवा रहिवासाचा पुरावा यांपैकी काहीही कोणी मागत नाही. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण चवीत नसून येथे आहे, आणि तो गुण किती मोलाचा आहे हे महासाथीच्या काळात दिसून आले.

मुळात ही योजना महासाथीसाठी आखलेली नव्हती. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेने दहा रुपयांत जेवण देण्याचे आश्वासन दिले होते. महाविकास आघाडीचे सरकार आल्यावर 26 जानेवारी 2020 रोजी ते अमलात आले. जिल्ह्यांच्या मुख्यालयी, दुपारी बारा ते दोन या वेळेत, राज्यभर मिळून दिवसाला 18,000 थाळ्या, एवढाच सुरुवातीचा आवाका होता. एका केंद्राला किमान 75 आणि कमाल 150 थाळ्यांची परवानगी होती. त्यानंतर दीड महिन्यातच, 9 मार्च रोजी, पुण्यात राज्यातील पहिले करोनाबाधित आढळले आणि 24 मार्चच्या मध्यरात्री देश बंद झाला.

केंद्र सरकारने दरडोई पाच किलो मोफत धान्याची घोषणा केली, आणि ती मोठी होती यात शंका नाही. परंतु धान्य शिधापत्रिकेवर मिळते, ते शिजवण्यास चूल आणि इंधन लागते, आणि बांधकामाच्या जागेवर किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात अडकलेल्या परप्रांतीय मजुराकडे यांपैकी काहीच नसते. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी केंद्र सरकारने दोन महिन्यांचे धान्य जाहीर केले, पण तोवर मे महिना उजाडला होता. राज्याने मार्चच्या अखेरीसच थाळीचा दर पाच रुपयांवर आणला, योजना तालुक्यांपर्यंत नेली, वेळ अकरा ते तीन केली आणि बसून जेवण्याऐवजी बांधून देण्याची मुभा दिली. हे इतक्या लवकर होऊ शकले, कारण कोण स्वयंपाक करणार, किती दराने करणार आणि देयक कोणत्या टेबलावर मंजूर होणार, हे दोन महिन्यांपूर्वीच ठरलेले होते. निवडणुकीतील आश्वासनांना नाक मुरडण्याची आपल्याकडे सुशिक्षितांची सवय आहे, मीही त्याला अपवाद नाही. पण संकटाच्या पहिल्या आठवड्यात उपयोगी पडली ती आधीपासून सुरू असलेली यंत्रणाच.

उलट बाजूचे उदाहरण आंध्र प्रदेशाचे आहे. चंद्राबाबू नायडू यांच्या सरकारने 2018 मध्ये पाच रुपयांत जेवण देणारी अण्णा कँटीन सुरू केली होती. 2019 मध्ये सत्ता बदलली आणि जगन मोहन रेड्डी यांच्या सरकारने ती बंद केली. त्यामुळे 2020 मध्ये तेथे ही स्वयंपाकघरे हाताशी नव्हती, आणि नायडू पुन्हा सत्तेवर आल्यानंतर 2024 मध्येच ती उघडली. तमिळनाडूत मात्र जयललितांनी 2013 मध्ये सुरू केलेली अम्मा उणवगम ही उपाहारगृहे 2021 मध्ये त्यांच्या विरोधी द्रमुक पक्षाचे सरकार आल्यावरही चालू राहिली. विजयानंतर द्रमुकच्या कार्यकर्त्यांनी चेन्नईतील अशा एका उपाहारगृहाची नासधूस केली, तेव्हा पक्षाचे नेते स्टॅलिन यांनीच त्यांच्यावर कारवाई केली. स्वयंपाकघर पक्षाचे नसते एवढे भान तेथे टिकले. आपल्याकडे 1995 च्या युती सरकारची एक रुपयाची झुणका-भाकर योजना सत्ता बदलल्यानंतर बंद पडली होती, आणि तिच्यासाठी मिळालेल्या टपऱ्यांत पुढे काय काय विकले गेले ते सर्वांनी पाहिले आहे.

दुसऱ्या लाटेत, 13 एप्रिल 2021 रोजी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध जाहीर करतानाच सुमारे 5,400 कोटी रुपयांची मदतही जाहीर केली. त्यात थाळी महिनाभर मोफत झाली, दररोज दोन लाख थाळ्यांचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि ही मोफत थाळी पुढे मुदतवाढ मिळत सप्टेंबरपर्यंत चालली. 1 ऑक्टोबर 2021 पासून दर पुन्हा दहा रुपये झाला आणि बांधून देणे बंद करण्यात आले. दर पूर्ववत करण्याबद्दल माझी तक्रार नाही. बांधून देण्याची सोय काढून घेणे मात्र मला आजही खटकते, कारण रुग्णाच्या खाटेजवळून उठू न शकणाऱ्या बाईला किंवा कामावरून दुपारी सुटी न मिळणाऱ्या मजुराला ठरलेल्या वेळेतच रांगेत उभे राहा असे सांगणे म्हणजे न जेवता राहा असेच सांगणे आहे. गैरप्रकार टाळण्यासाठी हा नियम असेल, तर छायाचित्रे आणि सीसीटीव्ही कशासाठी आहेत असा प्रश्न पडतो.

गैरप्रकार होत नाहीत असे मी म्हणत नाही. तीच ती छायाचित्रे पुन्हा ॲपवर चढवून थाळ्यांची संख्या फुगवल्याच्या तक्रारी अनेक ठिकाणांहून आल्या होत्या. आमच्या केंद्रातही दीडनंतर गेल्यास कधी कधी ‘थाळ्या संपल्या’ असे ऐकावे लागते, त्या दिवशी सकाळपासून तेथे तेवढी माणसे जेवली असावीत असे दिसत नसतानाही. ताटे धुण्याची जागा उघड्यावर आहे आणि पावसाळ्यात तेथे चिखल होतो. स्वच्छतेबाबत मी या केंद्राला उत्तीर्ण म्हणेन, पण काठावर.

तरीही जेवणाचा दर्जा घसरण्याचे मुख्य कारण केंद्रचालकाच्या वृत्तीत शोधणे मला पटत नाही. 2020 मध्ये शासनाने एका थाळीची किंमत शहरात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरली. ग्राहकाचे दहा वजा जाता उरलेले 40 किंवा 25 रुपये शासन देते, आणि 2025 पर्यंत तरी हा दर तोच होता. या काळात गॅस, तेल, डाळ आणि स्वयंपाकिणीची मजुरी यांचे काय झाले हे सांगायला नको. त्यात हे अनुदान वेळेवर मिळत नाही. 2025 मध्ये राज्यभरातील केंद्रचालक देयके महिनोन्महिने थकल्याची तक्रार करीत होते. आमचे केंद्र चालवणाऱ्या ताई बचत गटाच्या आहेत. किराणा दुकानदाराची वही त्यांनी माझ्यासमोर उघडून दाखवली, तेव्हा त्यांच्या नावावरील उधारी तीन पाने भरून चौथ्या पानावर गेलेली होती. ‘दादा, डाळ पातळ झाली म्हणता, पण दुकानदार आता डाळच मोजून देतो,’ असे त्या म्हणाल्या.

महासाथीनंतर अर्थव्यवस्था सावरताना शासनाचा पैसा कोणत्या दिशेने गेला, हे येथे पाहावे लागते. 2022 मध्ये सरकार बदलले. एकनाथ शिंदे यांच्या सरकारने थाळी बंद केली नाही, पण त्याच दिवाळीत शंभर रुपयांत चार जिन्नस देणारा ‘आनंदाचा शिधा’ आणला, आणि नव्या सरकारची ओळख म्हणून त्याचेच नाव पुढे झाले. 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी महिलांच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये टाकणारी लाडकी बहीण योजना आली. तिच्यासाठी वर्षाला 46,000 कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. त्यापुढे थाळीचा हिशेब करून पाहावा. रोज दोन लाख थाळ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त 40 रुपये अनुदान आणि वर्षाचे सर्व दिवस धरले, तरी ही रक्कम 300 कोटींच्या आत राहते. लाडकी बहीण योजनेला मी विरोध करीत नाही; घरात रोख रक्कम आल्याने बाईचा शब्द किती वाढतो हे मी शेजारीच पाहतो. पण तिजोरीवर ताण आला की आधी थकतात ती देयके कोणाची, याचे उत्तर उघड आहे. खात्यात पैसे जमा झाल्याचा संदेश मतदाराच्या मोबाइलवर येतो. थाळी खाणारा मात्र बहुधा दुसऱ्या तालुक्याचा, कधी दुसऱ्या राज्याचा असतो, आणि त्याचे मत येथे नसते. आधीच्या सरकारने सुरू केलेली योजना वेळेवर चालवण्याचे श्रेयही कोणाला मिळत नाही. योजना सुरू करणारे अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ 2025 मध्ये पुन्हा त्याच खात्यात आले, आणि तरीही देयके थकतच होती.

जेवण म्हणून मी या थाळीला पाचपैकी साडेतीन गुण देईन, सोय म्हणून साडेचार, आणि शासनाच्या देणेकरी म्हणून असलेल्या वागणुकीला एक. जाणाऱ्यांनी साडेबाराच्या आत पोहोचावे, सुटे दहा रुपये जवळ ठेवावेत आणि पाण्याची बाटली न्यावी. चपाती वाढून मिळत नाही. वरण शिल्लक असेल तर ताई आणखी एक पळी वाढतात, मागण्याचा संकोच करू नये.