स्लीपग्राफ आठ महिने वापरल्यावर: लॅपटॉप उठायला उशीर कुठे होतो ते दिसलं

माझ्या लॅपटॉपचं झाकण उघडलं की सहा-सात सेकंद नुसता काळा स्क्रीन. शेवटी वैतागून स्लीपग्राफ, म्हणजे झोपायला-उठायला कुठे किती वेळ लागतो ते दाखवणारं लिनक्सवरचं टूल, चालवून बघितलं, आणि तेव्हापासून दर कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटनंतर चालवतोच.

ही इंटेलच्या लोकांनी लिहिलेली पायथन स्क्रिप्ट, कर्नलच्या सोर्समध्येच पीएम-ग्राफ फोल्डरात मिळते. सुडोने (अ‍ॅडमिनच्या हक्कांनी) चालवायची, मशीन झोपतं, आरटीसीचा (मशीनमधल्या बॅटरीवरच्या घड्याळाचा) अलार्म लावला असेल तर 15 सेकंदांनी आपोआप उठतं, मग एफट्रेस (कर्नलमधली फंक्शनं कधी चालली त्याची नोंद) आणि डीमेसेज (कर्नलचा लॉग) मधलं सगळं जुळवून एक एचटीएमएल फाइल मिळते. त्यात प्रत्येक डिव्हाइसची पट्टी, माउस नेला की किती मिलिसेकंद लागले ते दिसतं.

पहिल्याच रनला चोर सापडला. रिझ्यूममध्ये, म्हणजे उठतानाच्या भागात, बाकी सगळ्या पट्ट्या नखाएवढ्या आणि एकच यूएसबीची पट्टी 5 सेकंदांच्या पुढे गेलेली. डीमेसेजमध्ये नेमक्या त्याच वेळी डिस्क्रिप्टर (डिव्हाइसने स्वतःची दिलेली माहिती) वाचताना एरर -110, म्हणजे टाइमआउट, आणि कर्नल तिथे उत्तराची 5 सेकंद वाट बघतो, म्हणून आकडा बरोब्बर तेवढा. डिव्हाइस कुठलं तर फिंगरप्रिंट रीडर, जो मी कधी वापरलाच नव्हता! बायोसमधून बंद केला, रिझ्यूम 900 मिलिसेकंदांवर आला. इतकी वर्षं मी ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या घालत होतो.

पण पट्टी लांब म्हणजे तोच दोषी असं धरू नका, मी महिनाभर तसंच धरून चाललो होतो. बरीच डिव्हाइसं एकाच वेळी समांतर उठतात, त्यामुळे डिस्कला 700 मिलिसेकंद लागणारच असतील तर बाजूची 300 ची पट्टी कितीही कमी केली तरी एकूण वेळ तसूभर हलत नाही. शिवाय रिझ्यूम होताना चाइल्ड डिव्हाइस आपल्या पेरेंटसाठी, म्हणजे ते ज्याला जोडलेलं असतं त्या डिव्हाइससाठी, थांबतं आणि ते थांबणं पट्टीत मोजलं जात नाही, पट्टीच्या आधी रिकामी जागा दिसते. मी आता आधी ती रिकामी जागा शोधतो.

स्लीपग्राफचा कॉलग्राफ ऑप्शन जपून वापरा, त्यात प्रत्येक फंक्शन ट्रेस करण्यातच वेळ जातो, ते आकडे कुणाला सांगू नका. त्यापेक्षा डेव्ह ऑप्शन लावा, ड्रायव्हर कुठे एमस्लीप मारून (ठरावीक मिलिसेकंद नुसता थांबून) बसलाय ते त्यात दिसतं. आणि एका रनवर विश्वास नको, मल्टी ऑप्शनने वीसेक वेळा झोपवून मीडियन (मधला आकडा) बघा.

मशीन उठताना हँग झालं तर मात्र रिपोर्टच मिळत नाही. मग कर्नलमधली पीएम-ट्रेस ही सोय वापरायची, उठताना कुठे अडकलं ते ती सांगते, पण ती आपली खूण आरटीसी घड्याळात लिहून ठेवते, त्यामुळे पुढच्या बूटला तारीख भलतीच. माझा ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेट एरर देत होता, अर्धा तास गेला कळायला. रीबूट झाल्यावर डीमेसेज बघून झालं की आधी तारीख नीट करा.

अजून एक, लवकर उठतं म्हणजे झोप गाढ लागते असं नाही. बॅगेत लॅपटॉप गरम व्हायचा म्हणून झोपेचा प्रकार ठरवणारी मेम-स्लीप फाइल उघडली तर एस-टू-आयडल (हलकी झोप) निवडलेलं, डीप (गाढ झोप) उपलब्ध असून. डीप केल्यावर रिझ्यूम 900 वरून 1400 मिलिसेकंदांवर गेला, पण रात्रभरात 14 टक्के उतरणारी बॅटरी आता 3 टक्केच उतरते.