वॉरंट शोधणे आणि रद्द करून घेणे: नागपूरच्या न्यायमंदिरातील सेवेचे परीक्षण

आपल्या नावाने न्यायालयाचे वॉरंट निघाले आहे की नाही, हे नागपुरातल्या माणसाला आज कोणाची मनधरणी न करता आणि एक पैसाही न देता शोधता येते. ते निघाले असेल तर सिव्हिल लाइन्समधील न्यायमंदिरात, म्हणजे जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, स्वतः हजर होऊन पुष्कळदा त्याच दिवशी रद्दही करून घेता येते. ही सोय कोठे उपयोगी पडते आणि कोठे कमी पडते, हे सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्या मामेभावाच्या प्रकरणात मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरली. इतवारीत त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे आणि एका जुन्या व्यवहारातला त्याचा चेक वटला नव्हता. महालातले भाड्याचे घर सोडून तो बेसा भागात राहायला गेला आणि समन्स जुन्या पत्त्यावर जात राहिले. पुढे पोलीस ठाण्याचा शिपाई निरोप घेऊन दुकानात आला, तेव्हा घरात पहिला प्रश्न उठला तो हाच, की केस नेमकी कोणत्या कोर्टात आहे.

या प्रश्नाचे उत्तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर मिळते. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर काम क्षणात होते. त्यातली पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, त्यानंतरचे दोन अंक न्यायालयाचे, पुढचे सहा प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे असतात. परंतु ज्याला समन्सच मिळालेले नाही त्याच्याकडे हा क्रमांक कोठून येणार? अशा माणसाला पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा लागतो. त्यासाठी जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष भरावे लागते आणि नावाची किमान तीन अक्षरे टाकावी लागतात. येथे एक गोष्ट मनापासून सांगतो, की पूर्ण नाव टाकू नका. नोंदी बहुतांश इंग्रजी लिपीत असतात, आणि वानखेडे आणि वानखडे, देवीदास आणि देविदास अशा नावांचे स्पेलिंग फिर्यादीच्या वकिलाने कसे केले असेल, हे सांगता येत नाही. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरेच टाकावीत, एकेक वर्ष बदलत जावे आणि आलेली यादी शांतपणे वाचावी. नागपूर शहराचे संकुल वेगळे असते आणि काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड येथील न्यायालये वेगळी निवडावी लागतात, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शहरात काही सापडले नाही म्हणजे जिल्ह्यात काही नाही, असे समजू नये.

प्रकरण सापडल्यावर खरी अडचण सुरू होते, कारण त्या पानावर वॉरंटसाठी स्वतंत्र रकाना नाही. तारखांची यादी असते आणि प्रत्येक तारखेसमोर सुनावणीचा हेतू लिहिलेला असतो. तेथे ‘अवेटिंग वॉरंट’ किंवा ‘एन.बी.डब्ल्यू.’ (नॉन-बेलेबल, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट) असे शब्द दिसले, तर वॉरंट निघाले असावे असे समजून पुढचे काम हाती घ्यावे. त्या त्या तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशी काय घडले याची छोटी नोंद उघडते. भावाच्या प्रकरणात आरोपी गैरहजर, जामीनपात्र वॉरंट काढावे, अशी नोंद आधी होती आणि त्यानंतरच्या एका तारखेला अजामीनपात्र वॉरंटचा आदेश होता. एवढी महत्त्वाची माहिती सामान्य माणसाने अशा त्रोटक नोंदींतून हुडकून काढावी, हे मला मान्य नाही. माहिती तेथे असतेच. ती पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत आणि मराठीत दिसली पाहिजे. ज्याला मोबाइलवर हे जमत नाही त्याने जिल्हा न्यायालयातील ई-सेवा केंद्रात जावे. प्रकरणाची स्थिती, पुढची तारीख आणि न्यायालयाचा दालन क्रमांक तेथे सांगतात. आम्हाला तेथील कर्मचाऱ्याने पडदा आमच्याकडे वळवून प्रत्येक नोंद वाचून दाखवली, आणि त्या पाच मिनिटांनी घरातली निम्मी घालमेल गेली.

आता त्या घालमेलीच्या मुळाशी असलेल्या गैरसमजाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. चेक न वटणे हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील गुन्हा जामीनपात्र आहे. मग अजामीनपात्र वॉरंट कसे निघते, असे भाऊ पुन्हा पुन्हा विचारत होता. गुन्ह्याचे स्वरूप एक आणि वॉरंटचे स्वरूप दुसरे, हे त्याचे उत्तर. आरोपी हजर होत नाही तेव्हा न्यायालय आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि तेवढ्यानेही भागले नाही तर अजामीनपात्र वॉरंट या क्रमाने जाते. सर्वसाधारणपणे हीच चढती पायरी पाळली जावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितले आहे. जामीनपात्र वॉरंट बजावताना पोलीस मुचलका घेऊन माणसाला सोडू शकतात. अजामीनपात्र वॉरंटमध्ये पोलिसांनी त्या माणसाला न्यायालयासमोरच उभे करायचे असते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वॉरंट आपोआप शिळे होत नाही. ज्या न्यायालयाने ते काढले त्याने ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहते. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये ती कायम आहे. म्हणून काही वर्षे कोणी आले नाही, आता विषय संपला, या समजुतीवर कोणी घर सोडून बिनधास्त फिरू नये.

रद्द करण्याचे काम प्रत्यक्षात असे झाले. सकाळी अकराच्या आधी आम्ही आकाशवाणी चौकाकडून न्यायमंदिरात पोहोचलो. वकिलांनी वकीलपत्र आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज कोर्ट फी स्टॅम्प लावून तयार ठेवला होता. अर्जात घर बदलल्याचे कारण होते आणि सोबत नव्या घराच्या भाडेकराराची प्रत जोडली होती. नुसते ‘आजारी होतो’ असे लिहिण्यापेक्षा कागदाचा आधार असलेले कारण कितीतरी पटींनी वजनदार ठरते. बेंच क्लर्कने अर्ज हातात घेतल्याबरोबर एकच विचारले, “आरोपी स्वतः हजर आहे ना? मग बसा, पुकारा होईल.” त्या प्रश्नातच सगळ्या कामाची किल्ली आहे. अर्जावर फिर्यादीच्या वकिलांचे म्हणणे घेतले गेले. सरकारी प्रकरण असते तर ते सरकारी वकिलांचे घेतले असते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी भावाला पत्ता का कळवला नाही असे सरळ विचारले, खर्चापोटी काही रक्कम भरण्यास सांगितले, जामीनदारासह नवा मुचलका घेतला आणि वॉरंट रद्द केले. जामीनदार म्हणून आमचे थोरले काका आले होते. त्यांच्याकडे आधार कार्ड, रेशन कार्ड, महानगरपालिकेची घरटॅक्सची पावती आणि फोटो हे सारे मूळ कागदांसह होते, म्हणून मुचलक्याचे काम त्याच दुपारी उरकले. आपण आधी किती जणांना जामीन राहिलो आहोत, हे जामीनदाराला लिहून द्यावे लागते, त्यामुळे ऐनवेळी ओळखीच्या कोणालाही उभे करू नये.

संकुलाबाहेर एका मध्यस्थाने आम्हाला गाठले होते. “भाऊ, तुम्हाला यायची गरजच नाही, आम्ही आतून करून देतो,” असे सांगून त्याने मोठी रक्कम मागितली. भीतीने गांगरलेल्या माणसाला असे बोलणे ऐकून किती हायसे वाटत असेल, याची मला कल्पना आहे आणि म्हणूनच त्याचा मला संताप येतो. आतून होण्यासारखे येथे काही नाही. आदेश उघड न्यायालयात होतो आणि त्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, लागते.

प्रकरण फार जुने असेल तर एवढे सोपे जाईलच असे नाही. आरोपी सापडत नाही म्हणून फाइल डॉर्मंटमध्ये, म्हणजे थांबवून बाजूला ठेवलेल्या प्रकरणांत, गेलेली असल्यास ती आधी बाहेर काढण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यात वेळ जातो.

ज्यांच्या नावाने प्रकरण नाही, पण वाहनाचे ई-चलन थकले आहे, त्यांनी या वाटेने जाण्याचे कारण नाही. राज्यातील वाहतूक चलनांचे आभासी न्यायालय आपल्याच जिल्ह्यातील काटोलला जोडलेले आहे आणि त्याचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते झाले. वाहन क्रमांक टाकून दंड तेथेच भरता येतो, अथवा चलन मान्य नसल्याचे कळवता येते. चलनासंबंधी लोकअदालतीची नोटीस आली म्हणजे वॉरंट आले, असे नव्हे. आणि व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस वॉरंटचा कागद दाखवून पैसे मागत असेल, तर तो ठग आहे. डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. अशा वेळी फोन ठेवून १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून जे थांबले आहेत त्यांच्यासाठी न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेले यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

रद्द झाल्यानंतरचे एक काम मात्र कोणी सांगत नाही. आदेशाची नक्कल त्याच दिवशी मागावी, तिची एक प्रत संबंधित पोलीस ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती पोच पुढची तारीख होईपर्यंत जवळ बाळगावी. न्यायालयाचे पत्र ठाण्यात पोहोचून तेथील नोंद बदलेपर्यंत शिपायाच्या हातात जुनाच कागद असू शकतो. भाऊ ती पोच दुकानाच्या गल्ल्यात ठेवतो आणि पुढची तारीख त्याने दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे.