लातूरकडचं बी.लिब. : वर्गाला पाच स्टार, ॲडमिशनच्या खिडकीला दोन

आधीच सांगते, कॉलेजचं नाव टाकणार नाही, माझी ओरिजिनल मार्कशीट अजून त्यांच्याच कपाटात आहे. लातूर जिल्ह्यातलं आहे, नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेलं, एवढं बास.

बी.लिब. म्हणजे ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची एक वर्षाची डिग्री, ग्रॅज्युएशन कशातही झालेलं चालतं. आता लातुरात ट्युशन एरियातनं एक चक्कर मारा, नीटमध्ये लागलेल्या लेकरांचे फोटो बिल्डिंगएवढे, आणि आमच्या कोर्सची जाहिरात म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात चिकटवलेला एक कागद. त्यावर ‘१००% नोकरी’ आणि ‘महिलांसाठी उत्तम’. मी बी.ए. होऊन नऊ वर्षं घरी, दोन लेकरं, आधारची झेरॉक्स काढायला गेले आणि रांगेत उभ्याउभ्या तो कागद वाचला म्हणून कळलं. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं कोर्सची माहिती कुठून मिळाली, तर कॉलेजकडून मिळाली असं एकानंही सांगितलं नाही. कुणाचा मेव्हणा, कुणाची नणंद, आणि दोघं तर दुसरीकडं नंबर लागला नाही म्हणून आलेले.

तरी वर्ग जमला तो असा जमला की काय सांगू. अहमदपूरकडच्या तांड्यावरची एक पोरगी, आई-बाप दरसाल ऊसतोडीला. उदगीरचा उर्दू मीडियमचा एक भाऊ. एका शाळेतले शिपाई मामा, वय ४७, नोकरी करतकरत बाहेरून बी.ए. केलेले. एक दादा ज्यांना अजिबात दिसत नाही, मोबाईलवर ऐकून वाचतात. आणि अर्ध्याहून जास्त आम्ही बाया. लेखकाच्या आडनावावरून पुस्तकाला कटर नंबर देतात (कटर हे माणसाचं नाव), तो शिकवला त्या दिवशी तांड्यावरची म्हणते, “सर, आमच्या घरी मायबाप दोघंबी कटरच, पण मुकादम हिशोबात एकच कोयता धरतो.” सगळा वर्ग हसला, ती हसली नाही. मग आम्ही पण गप्प झालो.

पाच स्टार देतेय ते ड्युईच्या तासासाठी. मेलविल ड्युईनं १८७६ मध्ये काढलेली, पुस्तकांना विषयाप्रमाणं नंबर द्यायची दशांश पद्धत, सगळं ज्ञान दहा भागांत. २०० म्हणजे धर्म. त्यात २२० पासून पार २८० च्या घरापर्यंत बायबल आणि ख्रिस्ती धर्म, आणि बाकी सगळी दुनिया २९० मध्ये कोंबलेली. बौद्ध २९४.३, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, बुद्धाला पॉइंटच्या मागं कामून टाकलं?” दुसरे कुणी असते तर “परीक्षेला येत नाही, खाली बस” म्हणले असते. आमच्या सरांनी नोट्स बाजूला ठेवल्या आणि अख्खा तास त्यावरच घेतला, आपल्या भारतातल्या रंगनाथनांची पुस्तकं लावायची १९३३ ची कोलन पद्धत कशी वेगळी तेही त्यातच सांगितलं. मग उदगीरच्या भावानं काढलं की मराठी साहित्याला स्वतःचा ८९१.४६ आणि उर्दूला ८९१.४३९, म्हणजे हिंदीच्या ८९१.४३ च्या पोटात का. आणि तांड्यावरची म्हणली आमच्या गोरमाटी बोलीचं काय. सर म्हणले, उद्या बघून सांगतो, आणि खरंच दुसऱ्या दिवशी ते जाडजूड खंड काखेत मारून आले. सगळे एकाच घरचे, एकाच शाळेचे असतो तर हे प्रश्न वर्गात उठलेच नसते हो.

आता खिडकी. स्कॉलरशिपवाल्यांना पण आधी पूर्ण फी भरा म्हणतात, महाडीबीटीचे पैसे आले की परत देऊ. ऊसतोडीची उचल नवरात्राच्या आसपास मिळते, ॲडमिशन त्याच्या आधी, मग ती पोरगी भरणार कुठून? मामांनी पुढाकार घेऊन आम्ही वर्गणी काढली म्हणून तिचा फॉर्म गेला. दिसत नसलेल्या दादांना माहितीपत्रक दिलं ते फोटो काढून बनवलेलं पीडीएफ, त्यांचा मोबाईल त्यातलं एक अक्षर बोलेना, शेवटी मी वाचून दाखवलं. आणि वर्गात फळ्याच्या वर रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम रंगवलेले, त्यातला दुसरा, ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’.

कॉम्प्युटर लॅब ठीक. ग्रंथालयाचं कोहा सॉफ्टवेअर शिकवतात, ते फुकट असतं म्हणून बहुतेक. अकरा मशीन, चालू सहा.

‘१००% नोकरी’वर जाऊ नका. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर पुढं एम.लिब. आणि नेट-सेट लागतं, आणि गावातल्या ‘ड’ वर्ग वाचनालयात जे मिळतं त्याला पगार म्हणायला जीभ रेटत नाही. ‘महिलांसाठी उत्तम’ लिहिणाऱ्यानं एकदा धूळ खाल्लेल्या पेपरांच्या फाईली माळ्यावरून उतरवून बघाव्यात. हे सगळं खरंखरं सांगून, आमच्यासारखे पास झालेले चार जण तालुक्यातल्या अभ्यासिकांमध्ये पाठवले असते तर दुप्पट पोरं आली असती, आणि तीही कळून-सवरून आली असती. मी तसं खिडकीवर बोलले पण. “मॅडम, सीटा भरतेत की,” म्हणले.

घ्यायचंच असेल तर जूनमध्येच जाऊन फीचे हप्ते लिहून घ्या, तोंडी नको. आणि बाहेरगावच्या बायांनो, शेवटचा तास पावणेसहाला सुटतो, आमच्याकडची शेवटची एसटी साडेपाचची आहे. सरांना पहिल्याच आठवड्यात सांगा, ते सोडतात.