किचन हूडची फायर सिस्टीम बसवून घेतली, त्याचा रिव्ह्यू

हूड म्हणजे चुलींवरची धूर ओढणारी छत्री, आणि ही सिस्टीम त्याखाली लागलेली आग आपोआप केमिकल फवारून विझवते. आधी सरळ सांगतो, सिस्टीम एक नंबर आहे आणि ज्यांच्याकडे फ्रायर किंवा मोठी कढई चालते त्यांनी घ्यावीच. पण केमिकलचा सिलेंडर केवढा आणि कंपनी कुठली एवढंच बघून ऑर्डर देऊ नका. नोझल, म्हणजे केमिकल फवारणारं तोंड, नेमका कुठल्या भांड्यावर येतोय आणि आग लागली तर गॅस कोण बंद करणार, हे दोन प्रश्न पहिले विचारा, बाकी सगळं नंतर.

आमचं नाशिकला गंगापूर रोडला व्हेज हॉटेल आहे. किचनमध्ये एका हूडखाली फ्रायर, वड्या-भज्यांची कढई, चायनीज रेंज आणि डोशाचा तवा, तंदूर वेगळ्या हूडखाली. किचन नव्याने केलं तेव्हा भांड्यांवर वेट केमिकलची सिस्टीम घेतली आणि डक्ट, म्हणजे हूडमधून धूर बाहेर नेणारा पत्र्याचा मार्ग, लांब आडवा जातो म्हणून त्यात पाण्याचे स्प्रिंकलर घेतले.

पहिला जो कोटेशन घेऊन आला त्याने हूडमध्ये चार साधे स्प्रिंकलर दाखवले, लाल बल्बवाले, म्हणे बिल्डिंगची लाइन वरून जातेच आहे, तिलाच टी मारू, स्वस्तात काम होईल. अहो, लाल बल्ब ६८ डिग्रीला फुटतो, रेंज फुल चालू असताना हूडच्या आत तेवढी गरमी रोजची असते, म्हणजे आग नसतानाच ऐन गर्दीत पाणी. आणि ते पडणार कुठे तर तापलेल्या तेलात. पाण्याची वाफ झाली की ते जवळपास १७०० पट फुगतं, पेटलेलं तेल भांड्याबाहेर उडतं, आणि समोर आचारी उभा असतो. फ्रायरसाठी बारीक फवाऱ्याचे खास टेस्ट केलेले पाण्याचे नोझल असतात, नाही असं नाही, पण हा माणूस छतावरचाच स्प्रिंकलर हूडमध्ये लावायला निघाला होता. त्याला तिथूनच परत पाठवलं.

दुसरी एजन्सी लायसन्सवाली, त्यांच्या माणसाने येऊन आधी किचनचं माप घेतलं, प्रत्येक भांड्याची लांबी-रुंदी लिहून घेतली, मग बोलायला लागला. तिथेच मला काम पटलं. त्याने समजावलं ते असं, वेट केमिकल म्हणजे पोटॅशियमचे क्षार विरघळवलेलं पाणी, ते जळत्या तेलावर बारीक फवाऱ्याने पडलं की वरच्या थराचा खरोखर साबण होतो, फेस धरतो, हवा तुटते आणि खालचं तेल थंड व्हायला लागतं. हे थंड होणंच महत्त्वाचं. पूर्वी कोरडी पावडर मारायचे, ज्वाळा जायची पण तेल तसंच तापलेलं, मग परत भडका. बाहेरच्या देशात जनावरांच्या चरबीच्या जागी वनस्पती तेल आलं, फ्रायर जास्त उष्णता धरून ठेवायला लागले, आणि पावडर पुरेना, म्हणून अमेरिकेत नोव्हेंबर १९९४ पासून यूएल ह्या तपासणी संस्थेची यूएल ३०० ही कडक टेस्ट आली. आपल्याकडे भजी-वडे तर तेलातच तळतात, त्यामुळे कोटेशनमध्ये यूएल ३०० लिस्टेड लिहिलंय का ते बघाच. आम्हाला साधी ट्यूबवाली सिस्टीम, म्हणजे आगीच्या गरमीने ट्यूब फुटून सुटणारी, बऱ्याच कमी पैशात मिळत होती, पण कुठल्या भांड्याला कुठला नोझल आणि किती उंचीवर, ह्याचा एकही कागद ती देणारा दाखवू शकला नाही, म्हणून जास्तीचे पैसे दिले आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

डक्टमधले स्प्रिंकलर जांभळ्या बल्बचे, १८२ डिग्रीवाले. आडव्या डक्टमध्ये जास्तीत जास्त ३ मीटरवर एक, पहिला डक्टच्या तोंडापासून दीड मीटरच्या आत, आणि उभा डक्ट असेल तिथे माथ्यावर एक. डक्टला थोडा उतार देऊन पाणी निघायला ड्रेन काढून घेतला, नाहीतर तेलकट पाणी आतच साचून राहतं. प्रत्येक स्प्रिंकलरपाशी झाकण असलेली खिडकी करून घ्या, हात आत गेला नाही तर पुढे कोणी बघतच नाही.

मला सगळ्यात जास्त आवडली ती टेस्ट. काम झाल्यावर सिलेंडर बाजूला काढून त्यांनी सगळे बर्नर लावायला सांगितले, रेंज, फ्रायर, तवा सगळं मोठ्या आचेवर, आणि हूडमधल्या वायरवरची टेस्टची लिंक कटरने तोडली (खरी लिंक म्हणजे आगीच्या गरमीने वितळून सिस्टीम सोडणारा धातूचा जोड). टक् करून गॅसचा व्हॉल्व्ह पडला आणि चारही भांड्यांखालच्या ज्वाळा बसत बसत गेल्या. बाहेरून येणाऱ्या हवेचा पंखा बंद झाला, एक्झॉस्ट मात्र चालूच राहिला. तो मुद्दाम चालू ठेवतात, धूर बाहेर जातो. मग पाइपमधून नायट्रोजन सोडला तर नोझलची रबरी टोपणं एकामागून एक उडून खाली लोंबकळायला लागली. आमचा वस्ताद बघतच राहिला. गॅस परत चालू करायला हाताने रिसेट करावं लागतं, आपोआप येत नाही, आणि तसंच पाहिजे. ज्याच्याकडून घ्याल त्याच्याकडून ही टेस्ट डोळ्यांसमोर करून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

हाताने ओढायचं हँडल बाहेर जायच्या रस्त्यावर आहे, चुलीपासून लांब, म्हणजे पळता पळता ओढता येईल. पण आमच्याकडे पहाटे कढई तापवत ठेवणारा एकटाच असतो, तो भाजी उतरवून घ्यायला मागच्या दाराला गेला तर ओढणार कोण, म्हणून आपोआप सुटणारी सिस्टीमच पाहिजे होती. १८ डिसेंबर २०१७ ला साकीनाक्याच्या फरसाणच्या दुकानातल्या आगीत १२ कामगार गेले, तेही पहाटेच. त्यानंतर ११ दिवसांनी मुंबईतच कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जण गेले, त्यात बहुतेक गिऱ्हाईकं. साकीनाक्याची ती माणसं तर आपल्याच धंद्यातली, आपल्याकडे काम करणाऱ्या पोरांसारखीच. खर्च जास्त वाटतो म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

फ्रायर रेंजला चिकटून ठेवला होता तो त्यांनी हलवायला लावला. उघड्या ज्योतीपासून फ्रायर १६ इंच लांब, किंवा मध्ये किमान ८ इंच उंच स्टीलची पट्टी. आम्ही पट्टी लावली. शिवाय फ्रायरला चाकं आहेत, पोरं झाडताना ओढतात आणि परत तिरका ठेवतात, मग नोझल तेलावर न येता कडेवर येतो. जमिनीवर पिवळ्या रंगाने चौकोन आखलाय, चाकं त्याच्यातच पाहिजेत.

आता जे आवडलं नाही ते. बसवून देताना जी माणसं होती ती सर्व्हिसला येत नाहीत. पहिल्या सर्व्हिसला जो आला त्याने टॅगवर तारीख टाकली, सिलेंडरचा काटा हिरव्यात आहे म्हणाला आणि निघाला. लिंक सहा महिन्यांनी नवीन टाकायची असते, त्याने ती नुसती फडक्याने पुसली होती, तेलाचा चिकटा तसाच. एका नोझलचं टोपण साफसफाईत पडलं होतं, तेही त्याला दिसलं नाही, आणि उघड्या नोझलमध्ये चिकटा जाऊन बसला तर ऐन वेळी तो नोझल कामाचा नाही. ऑफिसला फोन करून परत बोलवावं लागलं, तेव्हा सिनियर माणूस आला आणि सगळं नीट करून गेला, जास्तीचे पैसे लावले नाहीत हे खरं.

महाराष्ट्रात २००६ च्या आगीच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावाच लागतो, तर त्याच व्हिजिटला हे सगळं करून घ्या. एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारात, साफ लिहून घ्या, लिंक नवीन आणि जुनी आपल्या हातात, सगळी टोपणं मोजून, गॅस व्हॉल्व्ह पाडून दाखवायचा, डक्टमधले स्प्रिंकलर वर्षाला बदलायचे, बल्बवाले असतील आणि चिकटा धरला नसेल तरच ठेवायचे. आणि सिस्टीम सुटली तर रिफिल किती दिवसांत देणार तेही लिहून घ्या, कारण रिफिल होईपर्यंत त्या हूडखाली चूल पेटवता येत नाही, आणि ते केमिकल धातूवर राहिलं तर खातं, लगेच धुवावं लागतं.

सिस्टीमला पाचपैकी पाच, बसवण्याच्या कामालाही पाच, सर्व्हिसला तीन. जुलैची व्हिजिट नीट झाली तर सर्व्हिसचे मार्क बदलेन.