काळविटाच्या पाडसासाठी करडांची दूधबाटली

कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेलं काळविटाचं पाडस मराठवाड्यातल्या एखाद्या बचाव केंद्रात आलं, की ही बाटली लागतेच. जनावरांच्या औषधांच्या दुकानात करडांसाठी मिळते, तीच. (पाडस शेतात सापडलं तर घरी ठेवू नका, वन विभागाला 1926 वर कळवा.) निपल मऊ आहे, पाडस पटकन धरतं.

खरा दोष भोकाचा. ते फार मोठं आहे. बाटली उलटी केली की दूध थेंब-थेंब गळायला हवं, इथे धार लागते. दूध श्वासनळीत जातं, नाकपुडीवर पांढरा फेस येतो आणि न्यूमोनियाने पाडस दगावतं. म्हणून बिनभोकाचं निपल मागून घ्या आणि तापवलेल्या सुईने बारीक भोक पाडा. पाजताना पाडस उभं हवं, मान किंचित वर. आडवं झोपवून कधीच पाजू नका. शेळीचं दूध 38-39 अंशांवर कोमट. 4 किलोच्या पाडसाला दिवसभरात साधारण 400 मिली, पाच वेळा विभागून. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हळूच पुसा, त्याशिवाय तान्हं पाडस लघवी करत नाही.

बाटलीवरच्या मापाच्या खुणा धुऊन धुऊन पुसल्या जातात. मोजायला सिरिंज जवळ ठेवा.