अ‍ॅनफिल्डची स्टेडियम सफर : क्लॉप यांनी लिव्हरपूल का निवडले, ते इथे कळते

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाची सशुल्क सफर कोणत्याही फुटबॉलप्रेमीला आवडेल. पण यशस्वी प्रशिक्षक आपला पुढचा क्लब कशाच्या आधारे निवडतो, या प्रश्नात ज्यांना रस आहे, त्यांनी तर ती चुकवूच नये. जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी २०१५ मध्ये केलेली लिव्हरपूलची निवड मला या सफरीत जितकी स्पष्ट समजली, तितकी ती आकडेवारी वाचून कधी समजली नव्हती.

बोरुसिया डॉर्टमुंड या जर्मन क्लबला २०११ आणि २०१२ असे लागोपाठ दोनदा जर्मनीचे विजेतेपद मिळवून देऊन आणि २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेऊन क्लॉप २०१५ च्या उन्हाळ्यात मोकळे झाले होते. त्याआधी मँचेस्टर युनायटेडनेही त्यांना विचारले होते. मात्र बड्या खेळाडूंना वाटेल त्या किमतीला आणण्याची ती भाषा आपल्याला रुचली नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी होकार दिला तो लिव्हरपूलला, जो क्लब तेव्हा गुणतक्त्यात दहावा होता आणि ज्याने १९९० नंतर एकदाही इंग्लंडची लीग जिंकली नव्हती.

सफरीत हातात ध्वनिमार्गदर्शक यंत्र मिळते आणि जागोजागी क्लबचे कर्मचारी शंकांचे निरसन करायला उभे असतात. मेन स्टँडच्या वरच्या मजल्यावरून समोरचे हिरवेगार मैदान, एका टोकाचा, कट्टर चाहत्यांचा कॉप स्टँड आणि आसपासच्या गल्ल्यांमधली एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची दुमजली घरे एकाच नजरेत येतात. हा क्लब वस्तीच्या मधोमध वाढला आहे, हे तिथे सांगावे लागत नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार प्रेक्षक उभ्याने सामना पाहतात आणि सामन्याआधी जे गीत गातात, तेच गीत कॉपमध्येही गायले जाते. प्रेक्षकांच्या जोरावर खेळणारा संघ घडवण्यात ज्यांची हयात गेली, त्या प्रशिक्षकाला हे मैदान परके वाटण्याचे कारणच नव्हते.

सफरीतला सर्वांत मोलाचा क्षण मात्र मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात येतो. तिथे डोक्यावर ‘धिस इज अ‍ॅनफिल्ड’ ही प्रसिद्ध पाटी आहे आणि येणारा प्रत्येक जण हात उंचावून तिला स्पर्श करतो. लहान मुलांना तर पालक उचलून घेतात. क्लॉप यांनी आपल्या खेळाडूंना, काहीतरी जिंकेपर्यंत या पाटीला हात लावू नका, असे बजावले होते. पहिल्या तीन हंगामांत संघ तीन अंतिम सामने हरला, तरीही ना मालकांनी प्रशिक्षक बदलला, ना प्रेक्षकांनी पाठ फिरवली. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये ९९ गुणांसह प्रीमियर लीग आली, ती या धीरामुळे. माझ्या मते पुढचा क्लब निवडताना प्रशिक्षकाने पगार आणि खेळाडूंच्या खरेदीचा पैसा यांच्याही आधी हेच पाहायला हवे, की पराभवाच्या काळात आपल्यामागे कोण उभे राहणार आहे.

यजमान संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंच्या जर्सी टांगलेल्या दिसतात आणि छायाचित्रांसाठी तिथे चांगलीच झुंबड उडते. पत्रकार परिषदेची खोली झटपट पाहून होते. संग्रहालयाला मात्र निवांत वेळ द्यावा. १९७७ पासून २०१९ पर्यंतचे सहा युरोपियन चषक (चॅम्पियन्स लीगचे जुने नाव) तिथे एकत्र पाहताना, क्लॉप यांनी शिरावर घेतलेले ओझे किती मोठे होते, याची जाणीव होते. बाहेर १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीतील ९७ मृतांचे स्मारक आहे. तिथे थांबून नावे वाचल्याशिवाय परतू नये.

लाइम स्ट्रीट स्थानकापासून मैदान तीन-चार किलोमीटरवर असून शहरातून बसने सहज जाता येते. सामन्यांच्या दिवशी सफरीचे वेळापत्रक बदलते, त्यामुळे भारतातून जाणाऱ्यांनी विमानाचे तिकीट काढतानाच सामन्यांच्या तारखा पाहून सफरीचे आरक्षण करून ठेवावे.