शहरात कुठे खावं, त्याआधी कधी खावं

नव्या शहरात शिकायला आलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात फोनवरच्या ॲपमध्ये हॉटेलांचे तारे मोजत बसतो. ४.६ दिसले की पाय तिकडे वळतात. मग शनिवारी रात्री साडेआठला तासभर रांग, आणि महिन्याच्या खाण्याच्या पैशांतला मोठा वाटा एका ताटात. तेच स्वयंपाकघर आणि तोच आचारी मंगळवारी दुपारी पाऊण वाजता बऱ्याच स्वस्तात जेवू घालतो, हे ॲप सांगत नाही. म्हणून इथे परीक्षण कुठल्या एका हॉटेलचं नाही. हॉटेलं शोधायला आणि परवडवायला विद्यार्थी ज्या साधनांवर विसंबतो, त्यांचं आहे.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे दुपारचा ठरलेला मेन्यू. मालक त्यात कुणावर मेहेरबानी करत नसतो. जागेचं भाडं आणि आचाऱ्यांचा पगार दुपारीही चालूच असतो, टेबलं मात्र अर्धी रिकामी. मग तीन-चार पदार्थ ठरवून ते एकदम मोठ्या प्रमाणात करायचे, टेबल पाऊण तासात मोकळं होईल असं बघायचं आणि भाव उतरवायचा, असा तो हिशेब असतो. पदार्थ मोजके असल्याने माल साठून राहत नाही आणि ताटही लवकर येतं. दार उघडल्यावर साधारण वीस मिनिटांनी जावं. अगदी सुरुवातीला तवा आणि तेल पुरेसं तापलेलं नसण्याची शक्यता असते. शेवटच्या अर्ध्या तासात बरे पदार्थ संपलेले असतात आणि उरलेले केव्हाचे गरम करून ठेवलेले असतात.

या मेन्यूत फसगत होते ती बहुधा पेयावर. ताटातून फारसं सुटत नाही, म्हणून नफा पेयात ठेवलेला असतो. साधं पाणी मागावं आणि ते मोफत आहे का, हे आधी विचारावं. बाटली उघडल्यावर विचारून काही उपयोग नाही. किमतीत काय काय धरलंय हेही बघावं. यादीतला आकडा आणि बिलाचा आकडा यांत किती अंतर पडतं, ते एकदा कागदावर मांडलेलं बरं. ताटाची किंमत १०० धरली, त्यावर १० टक्के सेवाशुल्क लागलं आणि येणाऱ्या ११० वर ५ टक्के कर बसला, तर होतात ११५.५०. त्यात ३० चं पेय घेतलं तर तेही याच चाळणीतून जातं आणि बिल १५० च्या वर पोचतं. यादी वाचताना दीडशेचं ताट महाग वाटलं म्हणून सोडलं, आणि शंभरच्या ताटाला तेवढेच पैसे गेले.

आता तारे. सरासरी आकडा एकटा वाचू नये, तो किती जणांचा आहे हे आधी बघावं. एका ठिकाणी १२ जणांनी पैकीच्या पैकी ५ दिलेत, दुसरीकडे ४०० जणांची सरासरी ४.५ आहे. निवड कशी करायची? दोन्हीकडे ४ ताऱ्यांची २० काल्पनिक मतं मिसळायची, म्हणजे मोजक्या मतांचा जोर कमी होतो, आणि सरासरी पुन्हा काढायची. पहिल्याची ४.३८ होते, दुसऱ्याची ४.४८. बारा जणांत मालकाचे मित्र किती, हे कळायला मार्ग नसतो. चारशे जणांत ते बुडून जातात. अर्थात मोठा आकडाही पोकळ असू शकतो. २०१७ साली लंडनमध्ये एका पत्रकाराने बनावट अभिप्राय लिहवून घेऊन आपल्या बागेतली शेड ट्रिपॲडव्हायजर या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर शहरातलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट म्हणून चढवली होती. तिथे जेवण मिळतच नव्हतं.

त्यामुळे सरासरीपेक्षा अभिप्रायांची रचना वाचावी. पाच तारे भरपूर, एक तारा भरपूर आणि मधे काहीच नाही, असं दिसलं तर स्वयंपाकघराचा हात एकसारखा नाही असं समजावं, किंवा काहीजण मुद्दाम चढवताहेत आणि काहीजण पाडताहेत. तीन आणि चार ताऱ्यांचे अभिप्राय सर्वात उपयोगाचे. त्यांत माणूस काय आवडलं तेही सांगतो आणि काय खटकलं तेही. क्रम नेहमी 'सर्वात नवे' असा लावावा, कारण आचारी बदलला की जुने तारे तसेच लटकत राहतात. अभिप्रायांत शब्द शोधायची सोय असेल तर पदार्थाचं नाव टाकावं, शिवाय 'तेलकट', 'थंड', 'वाट पाहिली' हेही टाकून पाहावं. 'वाट पाहिली' असं लिहिणाऱ्यांची तारीख बघितली आणि त्या सगळ्या शनिवार-रविवारच्या निघाल्या, तर तो दोष हॉटेलचा कमी आणि वाराचा जास्त. मेन्यूच्या फोटोंचीही तारीख बघावी. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतल्या किमतीवर बेत आखून गेलं की उपाशी परतायची वेळ येते.

गर्दीच्या वेळा दाखवणारा तक्ता मात्र मला या ॲपांमधला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. त्यात कुणाचं मत नसतं. गर्दी चढायला लागते त्या टोकाला जावं. माल वेगाने खपत असतो म्हणून ताजा असतो, आणि आचाऱ्यांची धांदल अजून सुरू व्हायची असते. गर्दी पूर्ण ओसरल्यावर जाणं आरामाचं, पण पातेल्यात काय उरलंय त्यावर चव ठरते.

स्वच्छतेची श्रेणी आणि चवीचे तारे यांची गल्लत करू नये. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून हॉटेलच्या दारावर अक्षर लावतात. तिथे गुण चुकांचे असतात, म्हणजे जितके कमी तितकं बरं: १३ पर्यंत 'ए', १४ ते २७ 'बी' आणि २८ पासून पुढे 'सी'. इंग्लंड आणि वेल्समध्ये ० ते ५ असा आकडा असतो, जितका जास्त तितका बरा. वेल्समध्ये तो दारावर लावणं २०१३ पासून बंधनकारक आहे, इंग्लंडमध्ये ऐच्छिक. तेव्हा इंग्लंडमध्ये दारावर आकडाच दिसला नाही तर तो अधिकृत संकेतस्थळावर शोधावा. पाच मिळालेला सहसा लपवत नाही. जिथे अशी पद्धत नाही तिथे तेल बघावं. काळपट झालेलं, वर टिकून राहणारा फेस आणणारं, पदार्थ टाकायच्या आधीच धुरावणारं तेल फार वेळा तापलेलं असतं. कढई दिसत नसेल तर तळलेला पदार्थ कागदावर ठेवावा: बाहेरून गडद, आतून कच्चट आणि बोटाला चिकट लागला तर पुढच्या वेळी तिथे तळलेलं मागवू नये. उकडलेलं, भाजलेलं तिथेच चांगलं मिळू शकतं.

मिशेलिन या हॉटेलांच्या मार्गदर्शिकेचे तारे (१९२६ पासून दिले जातात) विद्यार्थ्याच्या कामाचे नाहीत. त्याच मार्गदर्शिकेतली 'बिब गुरमाँ' ही १९९७ पासूनची वेगळी यादी मात्र बेताच्या किमतीत चांगलं जेवण देणाऱ्यांची असते. ती उघडून बघायला हरकत नाही. बेताची किंमत त्यांच्या हिशेबाने, हे धरून चालावं.

बुफे हे विद्यार्थ्याचं आवडतं साधन, आणि सर्वात जास्त चुका तिथेच होतात. पहिली चूक रिकाम्या पोटी, दिवसभर उपाशी राहून जाणं. अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत ब्रेड आणि भातानेच पोट भरतं. मांडणी त्याच हेतूने केलेली असते: स्वस्त आणि पोट भरणारे पदार्थ रांगेच्या तोंडाशी, महागडे शेवटी, तेही लहान चमच्यासह. म्हणून ताट न घेता आधी एक फेरी मारावी, काय काय आहे ते बघावं, मग शेवटाकडून सुरुवात करावी. सूप आणि गोड पेय शेवटपर्यंत टाळावं. पहिल्या ताटात प्रत्येकाचा एकेकच घास घ्यावा. दुसऱ्यात फक्त जे आवडलं ते.

दुसरी बाब पोटाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहायला हवेत. शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. थर्मामीटर कोण नेणार, पण झाकण उघडल्यावर वाफ यायला हवी आणि सॅलडच्या भांड्याखाली वितळलेलं पाणी नव्हे, बर्फ दिसायला हवा. भाताकडे विशेष लक्ष द्यावं. त्यातल्या 'बॅसिलस सीरिअस' या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांतून तयार होणारं उलट्या आणणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्रास सहसा सहा तासांच्या आत सुरू होतो. आणखी एक पाहावं: वेटर रिकामं भांडं उचलून भरलेलं आणतोय, की उरलेल्यावरच नवा माल ओततोय. ओतत असेल तर तळाचा भाग सकाळचा असू शकतो. अशा ठिकाणी दार उघडल्याच्या पहिल्या अर्ध्या तासातच जावं, नाहीतर जाऊच नये.

घरपोच मागवणं हे हॉटेल पारखायचं सर्वात वाईट साधन. ॲपवाले हॉटेलकडून बिलाच्या १५ ते ३० टक्क्यांच्या घरात दलाली घेतात, म्हणून बरीच हॉटेलं ॲपवरच्या किमती वाढवून ठेवतात. वर पॅकिंग, वर पोचवणावळ. शिवाय बंद डब्यात वाफ कोंडते आणि कुरकुरीत पदार्थ दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडतो. रस्सा, भात, भाजलेलं नीट पोचतं. तळलेलं आणि नूडल्स मागवू नयेत. स्वतः जाऊन घेतल्यास स्वस्त पडतं का, हे फोन करून विचारावं. उत्तर अनेकदा 'हो' असतं.

टोळक्याने जाताना बिल कसं वाटायचं ते बसायच्या आधी ठरवावं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळलं की बिल सारखं वाटायचं असलं की माणसं, आपापलं भरायचं असतानापेक्षा, जास्त मागवतात. ज्याचा खिसा हलका तो सूप घेतो आणि शेजाऱ्याच्या मिठाईचे पैसे भरतो. सहाजणांत चार वेगळे पदार्थ मधे ठेवून घेतले तर चवीही जास्त आणि बिलही आटोक्यात. फक्त वेगळी बिलं हवी असतील तर ते ऑर्डर देतानाच सांगावं. शेवटी सांगितलं की वेटर हैराण होतो आणि त्यात चुका होतात.

नवं हॉटेल उघडल्यावर तीन आठवडे तरी थांबावं. सुरुवातीला सवलती असतात, पण स्वयंपाकघराची घडी बसलेली नसते. बंद होण्याची वेळ दहाची लिहिली असली तरी शेवटची ऑर्डर साडेनऊच्या सुमारास घेतात, आणि तेव्हा आचारी शेगड्या पुसत असतो.

फोनमध्ये स्वतःची यादी करताना हॉटेलच्या नावापुढे तारे देऊ नयेत. वार, वेळ, पदार्थ आणि सगळे कर धरून बिल, एवढं लिहावं: 'मंगळवार, १२:४०, सूप चांगलं, तळण तेलकट, ११५'. दुसऱ्यांदा जाताना वार बदलून बघावा, आणि दोन्ही नोंदी जुळल्या तरच ते नाव खोलीतल्या मित्राला सांगावं.